मामा, मागं बघा!

आमच्या बहिणीचा फोन सकाळी साडेसहाला वाजला की समजायचं, कुणी तरी गेलंय किंवा कुणाचा तरी निकाल लागलाय. त्या दिवशी दोन्ही नव्हतं.

"दादा, तुझा भाचा परवाच्या रविवारी सात तास गेम खेळला म्हणे. रूममालकीणबाईंनीच सांगितलं."

"मग मी काय करू?"

"तू जन्मभर सिनेमे बघितलास, दुसरं काय केलास? त्याला चार चांगले सिनेमे सांग. गेम तरी सुटंल."

मी छत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, पण ते हिच्या लेखी काही करण्यात मोडत नाही. भाचा लातूरला असतो. नांदेडात एखाद्याचं पोरगं मुंबईला आहे म्हटलं तर लोक विचारतात, काय करतं? पुण्याला म्हटलं तर विचारतात, कुठं राहतं? लातूरला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, कितवा अटेम्प्ट? डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा आमच्या भाच्याचा हा दुसरा. म्हणजे तो रिपीटर. या शब्दाला लातुरात एवढा मान आहे, की रिपीटरची वेगळी बॅच असते, वेगळं वेळापत्रक असतं आणि चेहरासुद्धा वेगळा असतो.

मी कामाला लागलो. गेम खेळणाऱ्या पोराला सिनेमे सांगायचे, तर गेमवरचेच सांगावेत, असा साधा हिशेब केला. पित्त झालेल्या माणसाला लिंबू द्यावं, तसा. इथंच चुकलं.

गेमवरच्या सिनेमांचा इतिहास बघितला तर सुरुवातच अपशकुनी आहे. १९९३ साली हॉलिवूडनं 'सुपर मारिओ ब्रदर्स' काढला. टोपीवाला, मिशीवाला, उड्या मारत नाणी गोळा करणारा तो प्लंबर. त्याचं काम बॉब हॉस्किन्स या भल्या नटानं केलं आणि पुढं मुलाखतीत सांगून टाकलं, की आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम हेच. आपल्याकडं २०११ च्या दिवाळीत 'रा.वन' आला. त्यात पोराला खलनायक तगडा पाहिजे असतो, म्हणून बाप तगडा खलनायक असलेला गेम बनवतो आणि तो खलनायक गेममधून बाहेर येऊन बापालाच मारतो. मुलाचा हट्ट पुरवला की काय होतं, याचं एवढं स्पष्ट उदाहरण शाळेच्या पुस्तकातसुद्धा सापडणार नाही. बहिणीला हा सिनेमा फार आवडला असता. भाच्याला आवडला नाही.

"मामा, गेमवरचा सिनेमा म्हणजे कसं आहे सांगू का? निलंगा राईसची प्लेट दुसऱ्याच्या हातात अन् आपुन बघायलो."

मी म्हटलं, "अरे, तू मोबाइलवर दुसऱ्या पोरांचे गेम तासन् तास बघत बसतोस, ते काय आहे मग?"

"ते येगळं. तिथं तो आपल्याशी बोलतो. आपुन इकडून लिहिलं की तो ऐकतो."

हे वाक्य मी त्या वेळी कानाआड केलं. बँकेत राहून ती सवय लागते.

खरं तर व्हिडिओ गेमशी माझा संबंध भाच्याच्या जन्माआधीपासूनचा आहे, फक्त तो काउंटरच्या अलीकडून आहे. नव्वदीच्या मध्यावर आमच्या गल्लीतल्या एका पानटपरीच्या मागं, पडदा लावलेल्या खोलीत चार मशिनी आल्या. एक रुपया टाकायचा आणि दांडा हलवायचा. त्यातल्या एका खेळाला सगळा गाव 'मुस्तफा' म्हणायचा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. पण पिवळी टोपी घातलेला त्यातला मुस्तफा नावाचा गडी आपल्या पोरांना इतका जवळचा वाटला, की नांदेडपासून कुठपर्यंत तरी साऱ्या देशात खेळाचं बारसं त्याच्या नावानं झालं. गाड्या आणि डायनोसॉर राहिले बाजूला. तो टपरीवाला दर सोमवारी एक रुपयाच्या नाण्यांची पिशवी माझ्या काउंटरवर आणून आदळायचा. ती नाणी मोजून माझी बोटं काळी पडायची. आमच्या वॉर्डातल्या पोरांचा किती खाऊ मुस्तफानं खाल्ला, याचा पक्का आकडा त्या काळी गावात फक्त मला माहीत होता. बँकेची गोपनीयता म्हणून मी तो आजवर कुणाला सांगितला नाही.

तर, यादी नव्यानं करायची होती. बहिणीनं धपाट्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "जाऊनच ये एकदा. फोनवर पोरगं नुसतं हाव-हाव करतंय."

नांदेड-लातूर एसटीचा प्रवास हा ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी देवानं केलेली सोय आहे. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशा एकामागून एक पायऱ्या. प्रत्येक ठिकाणी नवे लोक चढतात, नवी अडचण येते आणि आपल्याजवळची जागा थोडी कमी होते. पूर्वी खड्डेही होते. आता रस्ता रुंद झालाय, त्यामुळं खेळातली मजा गेली, असं आमचा एक जुना कंडक्टर मित्र म्हणतो.

रेल्वेवाल्यांसाठी वेगळा सिनेमा आहे. कोरियाच्या बाँग जून-हो यांनी २०१३ साली 'स्नोपिअर्सर' केला. जग बर्फात गोठलंय, उरलेली माणसं एका गाडीत. शेवटच्या डब्यातली गरीब जनता बंड करून एकेक डबा जिंकत इंजिनापर्यंत जाते. डबा म्हणजे लेव्हल, हे पोरांना न सांगता कळतं. नंदीग्राम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून शौचालयापर्यंत गेलेल्या माणसाला तर त्यातलं काहीच नवं वाटत नाही. त्या मागच्या डब्यातल्या लोकांना खायला किड्यांपासून केलेल्या काळ्या वड्या देतात. आमच्या नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचा प्रसाद फुकट मिळतो. एवढ्या वर्षांत त्या गाडीत कुणी बंड केल्याचं ऐकलं नाही. माझ्या मते 'स्नोपिअर्सर'ची सगळी कथा एका भाजी-पुरीवर मिटली असती.

लातूरला पोचलो. रूमवर चार पोरं, चार कॉट, भिंतीवर पिरिऑडिक टेबल आणि त्याच्या शेजारी हनुमान. भाचा, एक उदगीरचा, एक किनवटचा आणि एक कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो मान वर करत नव्हता. फोन आठवडाभर रूममालकीणबाईंच्या कपाटात. रविवारीच मिळतो. आठवड्याची भूक पोरं एका दिवशी भागवतात, त्याचेच ते सात तास.

मी म्हटलं, "आज माझ्याबरोबर सिनेमा बघायचा. अडीच तास. मग काय खेळायचं ते खेळा."

आणि 'एज ऑफ टुमॉरो' लावला. २०१४ चा, टॉम क्रूझचा. हा टॉम क्रूझ सैन्यात असतो, पण टीव्हीवर गोड बोलण्यापुरता. त्याला धरून आघाडीवर ढकलतात. परग्रहावरचे राक्षस समोर. हा पाच मिनिटांत मरतो. मरतो तो आदल्या दिवशी सकाळी जागा होतो. परत तोच दिवस, तीच शिवी, तीच लढाई. दर वेळी आधीपेक्षा दोन पावलं पुढं जाऊन मरतो. कुठून काय येणार ते पाठ होत जातं. एमिली ब्लंट त्याला शिकवते आणि हा जायबंदी झाला की 'चल, पहिल्यापासून' म्हणत स्वतःच गोळी घालते. मूळची ही एका जपानी लेखकाची कादंबरी आहे आणि व्हिडिओ गेममधलं मरणं-उठणं हेच तिचं बीज.

खोलीत शांतता. मला वाटलं, आवडलं नाही. बघतो तर उदगीरच्या पोराच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं रे?"

"मामा, हे आमच्याच बॅचचं आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहाटे उठायचं, तेच चॅप्टर, तीच टेस्ट, तोच बेंच. मागच्या वर्षी जिथं मेलो ते प्रश्न आता पाठ. पुढं काय येणार ते ठाऊक नाही. आणि कमी मार्क पडले की सर एमिली ब्लंटसारखे थंडपणे म्हणतात, पहिल्यापासून. हॉलिवूडला सतरा कोटी डॉलर की किती घालून जे सुचलं, ते आमच्या 'लातूर पॅटर्न' नावाच्या अभ्यासपद्धतीत कितीतरी वर्षांपासून चालू आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांची नावं आम्ही तरुणपणी गुणवत्ता यादीसोबत वाचायचो. आता यादी गेली, क्लास आले, पण जागं व्हायची वेळ तीच राहिली.

जर्मनीचा 'रन लोला रन' हाही या जातीचा. १९९८ सालचा. मित्राला वाचवायला वीस मिनिटांत एक लाख मार्क आणायचे. लोला पळते, डाव हुकतो, परत पहिल्यापासून पळते. तीनदा. आपल्याकडं त्याचा 'लूप लपेटा' झाला, २०२२ साली, तापसी पन्नूला घेऊन. याच तापसीनं २०१९ साली 'गेम ओव्हर' नावाच्या तमिळ-तेलुगू सिनेमात गेम बनवणाऱ्या मुलीचं काम केलंय. घरात खुनी शिरलेत, ही चाकाच्या खुर्चीत आणि हातात तीन लाइफ. तो रात्री एकट्यानं बघू नका. मी बघितला आणि पाणी प्यायला उठलो नाही.

संध्याकाळी पोरांना घेऊन गंजगोलाईला गेलो. लातूर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, मधोमध गोल दुमजली इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोळा! सराफ एकीकडं, कापड एकीकडं, भुसार तिसरीकडं. नवखा माणूस ज्या रस्त्यानं आत येतो त्या रस्त्यानं बाहेर पडत नाही. पोरं ज्याला ओपन वर्ल्ड म्हणतात, जिथं कुठंही जा, कुणालाही भेट, आपलं मूळ काम विसरून जा, ते निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं कागदावर काढून ठेवलं होतं. इमारत १९१७ ची.

"मामा, '१९१७' बघितलात का?" किनवटचा म्हणाला.

"आताच बघायलो की."

"ते नाही. सिनेमा."

सॅम मेंडिसचा. पहिल्या महायुद्धातले दोन शिपाई, एक निरोप, तो पलीकडच्या पलटणीला पोचवायचा, नाही तर सोळाशे माणसं मरतील. सगळा सिनेमा एका दमात चित्रित केल्यासारखा दिसतो आणि कॅमेरा बराच वेळ शिपायाच्या पाठीमागं. पोरांच्या भाषेत थर्ड पर्सन. मला तो आवडला. फक्त एवढाच निरोप गोलाईतून पोचवायचा असता, तर गडी अजून भुसार लाइनीत फिरत असता.

जरा वेळानं भज्याच्या गाड्यावर विषय 'मॅड मॅक्स'वर गेला. जॉर्ज मिलरचा, २०१५ चा, 'फ्युरी रोड'. अलम दुनियेतले गेम खेळणारे या सिनेमाला देव मानतात. वाळवंट. पाणी एका मुखवटावाल्या सत्ताधीशाच्या ताब्यात. तो उंच कड्यावर उभा राहून मोठाले नळ क्षणभर सोडतो, खाली जनता भांडी घेऊन धावते, की लगेच बंद करतो आणि वर पाण्याची चटक लावून घेऊ नका म्हणून उपदेश करतो. मग दोन तास एक टँकर पळतो आणि त्याच्या मागं सगळं जग.

लातुरात याला कल्पनाशक्ती कुणी म्हणणार नाही. सिनेमा आला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात इथं पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ती पन्नास वाघिणींची झाली, पंचवीस लाख लिटरची. गाड्यावरचा भजेवाला आमचं बोलणं ऐकत होता. त्यानं विचारलं, "शेवटी काय होतंय त्या सिनेमात?"

"टँकर लांब जातो. मग वळतो अन् जिथून निघाला तिकडंच परत येऊ लागतो."

"मग रिकामाच आला की," भजेवाला म्हणाला आणि कांदा चिरू लागला. एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्या पेपरात वाचलं नाही.

परतीच्या एसटीत मी एकटाच होतो. खिडकीतून माळेगावचा फाटा दिसला आणि इतका वेळ कानाआड केलेलं भाच्याचं वाक्य वर आलं.

माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड आणि एका कडेला तंबू टॉकीज. वडील बैल बघायला गेले की आम्ही तंबूत. पुढच्या बाजूला बसायला तिकीट परवडलं नाही तर पडद्याच्या मागून बघायचं. तिकडून सगळं उलटं दिसायचं. माझ्या लहानपणीचे निम्मे हिरो डावखुरे होते, हे मला कॉलेजात जाईपर्यंत खरंच वाटत होतं. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी, की त्या तंबूत सिनेमा कुणी गप्प बसून बघतच नव्हतं. खलनायक हिरोच्या पाठीमागून सुरी घेऊन आला, की हजार माणसं एका आवाजात ओरडायची, "मागं बघ की बे!" आणि हिरो मागं बघायचा. प्रत्येक वेळी. आम्हाला शंका नव्हती, की आम्ही ओरडलो म्हणूनच त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी परत तोच सिनेमा, परत आम्ही ओरडायचो, कारण न ओरडून गडी मेला तर जबाबदारी कुणाची?

दांडा तेव्हा आमच्या हातात होता. पुढं गादीच्या खुर्च्या आल्या, वातानुकूलन आलं, ओरडलं तर शेजारचा श्श करू लागला आणि आमच्या हातात उरला मक्याच्या लाह्यांचा डबा. पोरं गेमकडं का गेली, याची समिती नेमायची गरज नाही.

एवढा शोध लागल्यावर मी यादी फाडली. आता नियम एकच: ज्या सिनेमात बघणाऱ्याला ओरडावं वाटतं, तोच गेमवाल्याचा सिनेमा. या चाळणीतून फार मोठमोठी नावं गळाली. मारिओचा नवा, २०२३ चा सिनेमा शंभर कोटी डॉलरच्या वर कमावून गेला, पण तो बघताना मी एकदाही ओरडलो नाही, फक्त रंग छान आहेत म्हणालो. 'जुमानजी'चा २०१७ चा भाग मात्र चाळणीत टिकला. त्यात चार पोरं गेमच्या आत ओढली जातात, मनगटावर तीन-तीन लाइफच्या रेघा आणि प्रत्येकाची ताकद आणि कमजोरी लिहूनच येते. एकाची कमजोरी केक. खाल्ला की फुटतो. आमच्या मेहुण्यांची हीच अवस्था बर्फीनं होते, फक्त त्यांना दुसरी लाइफ नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय.

'फ्री गाय' हा सिनेमा भाच्यानं मला सांगितला. मी त्याला नाही. "मामा, हा तुमचाय," एवढंच म्हणाला. २०२१ चा, रायन रेनॉल्ड्सचा. मी एकट्यानंच बघितला आणि बरं झालं. गेममध्ये खेळणारे हिरो सोडून जी बाकीची माणसं उभी असतात, दुकानदार, वाटसरू, शिपाई, जी एकच वाक्य बोलतात आणि ज्यांना कुणीही धक्का मारून जातं, त्यांना पोरं एनपीसी म्हणतात. या सिनेमाचा नायक तसलाच. रोज निळा शर्ट, रोज तीच कॉफी, रोज कामावर. त्याला पत्ताच नाही, की आपण दुसऱ्यांच्या खेळातले आहोत. आणि काम कुठं करतो? बँकेत. काउंटरवर.

मी थोडा वेळ टीव्ही बंद करून बसलो. माझा शर्ट फिका निळाच असायचा. माझंही वाक्य एकच होतं, "लिंक नाही, जेवणानंतर या." छत्तीस वर्षांत किती नांदेडकर माझ्यासमोर आले, प्रत्येक जण आपापल्या कथेतला हिरो. कुणाचं लग्न, कुणाचं ट्रॅक्टर, कुणाचा दवाखाना. आणि प्रत्येकाच्या कथेत मी अर्ध्या मिनिटाचा. सिनेमातला तो गडी एक चष्मा घालतो आणि त्याला सगळा खेळ दिसायला लागतो. चष्मा मीही घातला होता, पण मला त्यातून फक्त नोटांचे नंबर दिसले. रिटायर झालो त्या दिवशी नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाच्यानं या सिनेमाचं नाव सांगताना तोंड इतकं सरळ ठेवलं होतं, की पोरगं डॉक्टर नक्की होणार.

दिवाळीला तिघं जण नांदेडला आले, भाचा, उदगीरचा आणि किनवटचा. मान वर न करणारा लातूरलाच राहिला, त्याचं सिलॅबस राहिलं होतं. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाल्यावर मी 'झपाटलेला' लावला.

"ग्राफिक्स कमी आहेत, मामा," पहिल्या पाच मिनिटांत किनवटचा म्हणाला.

"गप बस आणि बघ."

१९९३ साल. म्हणजे तिकडं हॉलिवूड मारिओची माती करत होतं, त्याच वर्षी आमच्या महेश कोठारेंनी मराठीत गेम तयार केला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कसा ते बघा. तात्या विंचू हा गुंड मरतो, पण मंत्राच्या जोरावर बाहुल्यात परत उठतो. पोरं याला रीस्पॉन म्हणतात. त्याला बाहुल्यातून बाहेर पडायचं तर ज्या पहिल्या माणसाला आपलं खरं नाव सांगितलं, त्याच्याच देहात शिरावं लागणार, म्हणजे बिचाऱ्या लक्ष्याच्या. झालं मिशन. आणि त्या बाहुल्याला कितीही गोळ्या घाला, मरत नाही. बरोबर दोन भुवयांच्या मध्ये लागली तरच. दिलीप प्रभावळकरांचा तात्या, रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल.

अर्ध्या तासानं उदगीरचा कॉटवर उभा राहिला होता. "लक्ष्या, माग्गं! माग्गं बघ की बे!" किनवटच्याला ग्राफिक्सची आठवण राहिली नव्हती, तो उशी छातीशी धरून बसला होता. भाचा तेवढा शांतपणे विश्लेषण करत होता. "बॉसचा वीक पॉइंट पहिल्यांदाच सांगून टाकलाय. अन् इन्स्पेक्टरला माहीत असून बी तो पोटात मारायलाय. नूब." शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारत्या झाल्या, कुणाला काही लागलं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या अभिमानापोटी 'लय भारी' झाला. रितेश देशमुखचा, निशिकांत कामतांनी केलेला, २०१४ चा. त्यात एक रितेश मारला जातो आणि त्याच्या जागी पंढरपूरहून त्याचा जुळा भाऊ माउली येतो, आधीच्यापेक्षा चौपट ताकदीचा. "दुसरी लाइफ, अपग्रेडेड," भाचा म्हणाला. बाभळगावच्या देशमुखांच्या घरातला पोरगा आहे, त्याला रिपीटरचं महत्त्व माहीत असणारच.

तिसऱ्या दिवशी पोरांनी माझे उपकार फेडायचं ठरवलं. माझ्या फोनमध्ये त्यांचा तो बीजीएमआय घातला. हा म्हणजे जुना पबजीच. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, पुढच्या जुलैत तो नाव बदलून आला, २०२२ साली तोही गेला आणि २०२३ ला परत आला. एवढ्यांदा मरून उठलेला खेळ स्वतःच एक तात्या विंचू आहे.

विमानातून शंभर जण उड्या मारतात. मीही मारली. पोचिंकी नावाच्या गावात उतरलो. एका घरात शिरलो, तिथं एक तवा होता, तो घेतला. खिडकी दिसली म्हणून बाहेर बघत उभा राहिलो. गाव छान होतं, गव्हाची रानं, एकेरी घरं, थेट कंधारच्या अलीकडचं वाटत होतं.

"मामा, मागं! मामा, मागं बघा!" तिघं एकदम ओरडले.

मी मागं बघितलं. खऱ्या घरात. तिथं बहीण उभी होती, हातात चकल्यांचं ताट.

तेवढ्यात मेलो.

पोरं लातूरला परत गेली, फोन कपाटात गेले. भाचा आता रविवारी अडीच तास सिनेमा बघतो, असं रूममालकीणबाई सांगतात. बहिणीला मी कळवून टाकलं, की घरातला गेम सुटत आलाय, आणि कुणाचा ते तिनं विचारलं नाही. लातूरला गेलं की चहाच्या आधी रँक विचारायची पद्धत आहे. परवा धपाटे द्यायला गेलो तेव्हा मलाही विचारली. ब्राँझ पाच.